न विचारणाऱ्यांच्या गावात

मूळ बाग पाहायच्या आधी मी तिची प्रतिकृती पाहिली होती. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. २००६ साली ते सुरू झालं आणि बाहेरगावचे पाहुणे आले की संध्याकाळी त्यांना तिथे न्यायचं, हा आमच्या घरचा शिरस्ताच झाला. कालव्याचं पाणी, बुटके पूल, कापून गोल केलेली झुडपं आणि हिरवळीवर कुणाचा पाय पडला रे पडला की शिट्टी फुंकणारे रखवालदार. जपान म्हणजे शिट्टी, असं माझ्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं.

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकता शिकता वर्षभराची शिष्यवृत्ती मिळाली, तीही नेमकी ओकायामाची. एप्रिलमध्ये तिथल्या कोराकुएनमध्ये शिरले, तर शिट्टी कुठेच नाही. इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ मध्ये ही बाग आखायला घेतली, १७०० मध्ये ती पुरी झाली. बाग म्हणण्यापेक्षा माळच म्हणावा इतकी मोकळी. मधून वळणं घेत जाणारा ओहोळ, चहाचा लहानसा मळा आणि चक्क भाताचं खाचर. सरदाराच्या बागेत खाचर कशाला, असं मनात आलं. मग वाटलं, त्यालाही कधीतरी नुसतं शेताकडे बघत बसावंसं वाटत असेल.

बागेतून नदीपलीकडचा काळा किल्ला दिसतो. आखणाऱ्याने तो बागेतच धरलेला आहे, नदी मध्ये असली तरी. जवळ गेल्यावर कळतं की आत लिफ्ट आहे. २९ जून १९४५च्या पहाटे अमेरिकी विमानांनी शहर जाळलं, त्यात किल्ल्याचा मूळ मनोरा गेला. १९६६ मध्ये तो काँक्रीटमध्ये पुन्हा उभारला. मला हे आधी फसवणुकीसारखं वाटलं. आपण रायगडावर नुसत्या जोत्यांपुढे हात जोडणारी माणसं. पडलेला चिरा कुणी जागचा हलवला तरी आपल्या जिवाला लागतं. ओकायामाकरांना मात्र किल्ला होता तिथे आणि होता तसा दिसला म्हणजे पुरे. लाकडाचा की सिमेंटचा, हा प्रश्न ते विचारत नाहीत. पुढे लक्षात आलं, एकंदरीतच ते फार प्रश्न विचारत नाहीत.

माझी खोली त्सुशिमा भागात होती, विद्यापीठाला लागून. दुमजली जुनी इमारत, खाली तीन खोल्या, वर तीन, आणि शेजारच्या कौलारू घरात मालकीणबाई, पंच्याऐंशीच्या. मालकिणीला तिथे 'ओओया-सान' म्हणतात, मीही तेच म्हणायचे. त्यांनी किल्ली दिली, दोन्ही हातांनी. सोबत एक कागद दिला, त्यावर कचऱ्याचे वार. नाव वाचून 'कुरुकारुनी-सान' अशी हाक मारली आणि वाकून निघून गेल्या. वडील काय करतात, भावंडं किती, लग्नाचं काय बघताय, भाडं परवडतंय ना, काही नाही. पुण्यात खोली बघायला गेलं तर घरमालक किल्ली दाखवायच्या आधी आडनावावरून गाव काढतात आणि गावावरून नातेवाईक. इथे मी कुठल्या देशाची, हेसुद्धा त्यांनी कागदावरून वाचलं असणार.

सुरुवातीचे दिवस हे फार सुखाचं वाटलं. कुठे निघालीस, केव्हा येशील, जेवलीस का, यातलं काही नाही! नंतर मात्र असं होऊ लागलं की दिवसभरात मी बोललेलं वाक्य म्हणजे दुकानातल्या मुलीला 'पिशवी नको', एवढंच. सगळीकडे उत्तरं आधीच लिहून ठेवलेली. पायऱ्यांशी चपला कुठे काढायच्या, संडासातल्या सपाता कुठे ठेवायच्या, सायकल कुठल्या रेषेत लावायची. विचारायला जागाच नाही. दुसऱ्याला आपला त्रास होऊ नये याची इतकी काळजी घेतलेली, की दुसऱ्याची गरजही पडू नये.

कचऱ्याचं तर शास्त्रच आहे. जळणारा कचरा महापालिकेच्या पिवळ्या विकतच्या पिशवीतच. पिशवीला पैसे पडतात, म्हणून माणूस कचरा दाबून दाबून भरतो. सकाळी ठरल्या जागी ठेवायची आणि कावळ्यांनी फाडू नये म्हणून वर जाळी ओढायची. काचेच्या बाटल्या वेगळ्या, डबे वेगळे, प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण आणि वेष्टन काढून बाटली धुऊन. वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी एकदा भलत्याच दिवशी पिशवी ठेवली. ती उचलली नाही. चिठ्ठी चिकटवून तिथेच ठेवली. दिवसभर येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघत होता आणि कुणीही काही बोलत नव्हतं. आमच्या सोसायटीत असं झालं असतं तर व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडला असता, चेअरमननी सुविचार टाकला असता, दोघं ग्रुप सोडून गेली असती. इथे ती पिशवी संध्याकाळी गुपचूप नाहीशी झाली. खरं सांगायचं तर मला आमची पद्धत कमी क्रूर वाटते.

मे महिन्यात एकदा दाराच्या मुठीला एक पॅड लटकवलेलं दिसलं. क्लिप लावलेलं, आत चार-पाच कागद. हे काइरानबान. वस्तीचं परिपत्रक. महापालिकेच्या आरोग्य तपासणीची सूचना, हरवलेल्या मांजराचं चित्र, रविवारी पाटसफाई. वरती घरांच्या नावांचा तक्ता. वाचलं की आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि पॅड पुढच्या घरी द्यायचं. तक्त्याच्या अगदी तळाशी ताज्या शाईने माझं नाव लिहिलं होतं. भाड्याच्या खोल्यांतल्या विद्यार्थ्यांना यात सहसा धरत नाहीत, हे मला नंतर वर्गातल्या मुलांकडून कळलं. ओओया-साननी मला काही न विचारता वस्तीत घातलं होतं.

तेव्हापासून ते पॅड म्हणजे माझं वस्तीत जायचं निमित्त झालं. पुढच्या घरच्या बाई दार उघडायच्या, दोघीही वाकायचो, पावसाबद्दल एक वाक्य. पुढच्या खेपेला दोन वाक्यं. जुलैत त्यांनी पॅडच्या बदल्यात हातात दोन काकड्या ठेवल्या.

ओकायामा शहर सपाट आहे आणि शेतीच्या पाटांनी भरलेलं आहे. एकेकाळी समुद्र मागे हटवून काढलेली भातशेती, तिचं पाणी अजून गल्लीगल्लीतून वाहतं. जूनमध्ये भातलावणीला पाट काठोकाठ भरतात आणि अंधारात रस्ता कुठे संपला, पाणी कुठे सुरू झालं, कळत नाही, कारण कठडेच नाहीत! सायकलीसकट माणसं त्यात पडतात, पडून दगावतातही, आणि गेल्या काही वर्षांत कुठे कुठे कठडे बसायला लागले आहेत. धोक्याची पाटी नाही असा एक जिनाही ज्या देशात सापडत नाही, त्या देशात हे. त्यात भर वाहनचालकांची. वळताना इशारा न देण्याबद्दल इथले चालक अख्ख्या जपानात बदनाम आहेत. शेवटी चौकांच्या अलीकडे रस्त्यावरच पांढऱ्या रंगात एक चांदणी आणि 'इशारा' अशी मोठी अक्षरं रंगवली आहेत: इथे दिवा लावा, बाबांनो. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला जपानमध्ये प्रथमच घरी आल्यासारखं वाटलं. पुण्यात नळस्टॉपच्या चौकात असा रंग कितीही ओतला तरी उपयोग नाही, ती गोष्ट वेगळी.

पाटसफाईच्या रविवारी सगळी वस्ती गमबूट घालून पाण्यात. कोयते, दाताळी, चिखलाने भरलेली पोती. वय पाहिलं तर सरासरी सत्तर असावी, मला पाहून सगळ्यांना हायसं वाटलेलं स्पष्ट दिसत होतं. मी गवत ओढत होते, शेजारचे आजोबा ते कापत होते. काम संपल्यावर प्रत्येकाला थंड चहाची एकेक बाटली मिळाली आणि तिथे, पाटाच्या काठावर बसल्यावर, आजोबांनी पहिला प्रश्न विचारला: भारतात भात कितीदा लावतात? मी मावळातली इंद्रायणी सांगितली, कोकण सांगितलं, चारसूत्री लागवड माहीत नसताना सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. घरी कोण कोण असतं, हे मात्र नाहीच विचारलं.

खाण्याचं सांगायला हवं, कारण मी शाकाहारी. जपानमध्ये शाकाहारी माणसाची गाठ माशाशी नाही, माशाच्या पाण्याशी पडते. दाशी. सुकवलेल्या बोनिटो माशाचे पातळ काप किंवा छोटे सुके मासे उकळून काढलेला अर्क. तो आमटीत असतो, भाजीत असतो, नूडल्सच्या रश्श्यात असतो, मुळ्याच्या फोडीतही असतो. हॉटेलवाल्याला 'मासा नको' म्हटलं की तो मासा काढतो, पाणी ठेवतो. त्याच्या दृष्टीने ते पाणीच. फोनवर आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "वास येत नाही ना? मग झालं." तिच्या या निवाड्यावर मी वर्ष काढलं. कोपऱ्यावरच्या कोम्बिनी दुकानातले ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, आत उमेबोशी हे खारवलेलं फळ घातलेले, हा प्रवासातला आधार. उमेबोशी इतकी आंबट आणि खारट असते की पहिल्या घासाला डोळे मिटतात.

घरून आणलेलं मेतकूट मात्र तिथे जाऊन उजळलं. जपानी तांदूळ मुळातच चिकट आणि मऊ. लोणी कढवून तूप केलं, वरून मेतकूट, चवीला मीठ. गुरगुट्या भातासाठी आईला जे आटवावं लागतं ते इथे कुकरने बटण दाबल्यावर केलं. सेमिनारमधल्या मुलींना खाऊ घातलं. त्यांनी पिवळ्या पुडीचा वास घेतला, एकीने वहीत लिहून घेतलं. चव कशी वाटली ते कळायला दोन आठवडे लागले, आणि तेही इझाकायात, म्हणजे तिथल्या पबमध्ये, बिअरचा दुसरा ग्लास झाल्यावर. वर्गात प्राध्यापक "काही शंका?" म्हणायचे तेव्हा घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. इझाकायात त्याच शंका एकावर एक पडायच्या. आपल्याकडे वर्गात सगळे एकदम बोलतात आणि बाहेर चहावर सर भेटले की खाली बघतात. दोन्हीकडे विद्या कधी, कुठल्या वेळेला येते, याचा अभ्यास व्हायला हवा.

गावाची खास सुशी वेगळीच. मोठ्या लाकडी भांड्यात आंबटसर भात आणि त्यावर नाना तऱ्हेचे मासे, भाज्या, अंड्याच्या पट्ट्या. सांगतात ते असं: इकेदा मित्सुमासा हा सरदार भारी काटकसरी. जेवणात एक सार आणि एकच पदार्थ, असा त्याने हुकूम काढला. लोकांनी हुकूम पाळला. सगळे पदार्थ भातातच घातले आणि एकच पदार्थ केला. मालकीणबाईंनी माझ्यासाठी कमळकंद, मशरूम आणि गाजराची केली होती. मी मासे खात नाही हे त्यांना कुणी सांगितलं? मी तरी नाही. माझ्या पिवळ्या पिशव्यांतून काय जातं, हे बहुधा वस्तीला ठाऊक होतं.

उन्हाळ्यात पांढरे पीच येतात. झाडावरच प्रत्येक फळाला कागदी पिशवी चढवतात, त्यामुळे ऊन लागत नाही आणि रंग फिकट राहतो. बोट जरा दाबलं तरी डाग पडतो. म्हणून दुकानात ते फेसाच्या जाळीत, एकेकटे, आणि किंमत बघून मी पुढे जायचे. ऑगस्टच्या सुरुवातीला रस्त्यांवर 'उराजा' नाचाचा उत्सव असतो, तोंडावर राक्षसाची रंगरंगोटी करून तरुण पोरं दिवसभर नाचतात. जुना नाही, १९९४ पासूनचा. पण त्यातला उरा हा राक्षस जुना आहे, आणि त्याच्यामुळेच मी नोव्हेंबरात सायकलने किबित्सु देवळाला गेले.

ओकायामा म्हणजे मोमोतारोचं गाव. पीचमधून जन्मलेला मुलगा, कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी सोबत घेऊन राक्षसांवर चालून गेलेला. स्टेशनसमोर त्याचा पुतळा, मुख्य रस्त्याला त्याचं नाव, दुकानांत त्याच्या किबी-दांगो या गोड गोळ्यांची खोकी. त्या कथेच्या मुळाशी किबित्सुहिको नावाचा राजपुत्र आणि उरा आहेत असं मानतात. आणि दंतकथेप्रमाणे उरा समुद्रापलीकडून, कोरियातल्या कुदारा राज्यातून आलेला. म्हणजे परदेशीच. राजपुत्राने त्याला मारलं, मुंडकं पुरलं, तरी ते वर्षानुवर्षं हंबरत राहिलं. अखेर उरा स्वप्नात आला: माझ्या बायकोला, आझोच्या लेकीला, इथल्या चुलीवर रांधू दे, मी पातेल्याच्या आवाजातून शुभाशुभ सांगेन. आपल्याकडे बळी पाताळात गेला आणि बलिप्रतिपदेला बायका अजून त्याचं राज्य मागतात. पुरलेल्या राजाचं असं काहीतरी सगळीकडे शिल्लक राहतं.

किबित्सुचं मुख्य देऊळ १४२५चं. दोन शिखरांचं छप्पर बघावं तसं वेगळं वाटत जातं. तिथून टेकडीच्या उताराने लांबलचक लाकडी पडवी खाली जाते. जमीन जशी उतरते तसं छप्परही उतरतं. सपाटी करून घ्यायची कुणाला गरज वाटलेली नाही. पडवीच्या बाजूला ते भट्टीचं दालन. चपला काढून आत गेले तर भिंती, तुळया, सगळं काजळीने काळंभोर. मध्ये चूल, वर लोखंडी हंडा, त्यावर वाफवायचं लाकडी भांडं. पांढऱ्या वस्त्रातल्या एक वयस्क बाई चुलीशी बसलेल्या. हे काम परंपरेने आझो गावच्या बायकांचं. फोटोला मनाई. आम्ही चार जण गुडघे मोडून बसलो. पुरोहित मंत्र म्हणू लागले आणि बाईंनी लहानशा वाडग्यातून तांदूळ वाफेत सोडले.

आधी वाटलं बाहेरून ट्रक जातोय. मग कळलं की आवाज हंड्यातून येतोय. खोल, सलग घूं घूं, तो कानाआधी मांड्यांखालच्या जमिनीतून जाणवला. वाढत वाढत पार काजळलेल्या तुळयांपर्यंत गेला आणि मंत्र संपायच्या आधी थांबला. १७७६ मध्ये आलेल्या उएदा आकिनारीच्या 'उगेत्सु मोनोगातारी'त याच हंड्याची कथा आहे. त्यात लग्नाआधी कौल घेतात आणि हंडा वाजतच नाही. मी इतकंच जाणून होते. उठताना पुरोहितांना विचारलं, "चांगला होता का कौल?" त्यांनी सांगितलं की ते आम्ही सांगत नाही. ज्याने ऐकला त्याला तो कसा वाटला, तेच उत्तर.

पैसे भरून कौल लावायचा आणि अर्थही आपणच लावायचा! परतीच्या वाटेवर किबीच्या माळातून, कापलेल्या भाताच्या खुंटांमधून, मी याच्यावर चिडत सायकल हाणत होते. आपल्याकडे गुरव नारळाच्या शकलांवरून तीन पिढ्यांचं सांगतो, वर उपायही सांगतो. पण त्या गावात राहून मला एक गोष्ट उमगत चालली होती. ओओया-सान विचारत नव्हत्या, तरी माझ्या खोलीचा दिवा रात्री उशिरापर्यंत दिसला की दुसऱ्या दिवशी दाराशी संत्री असायची. विचारलं असतं तर मी "बरी आहे" म्हटलं असतं. त्यांनी मला उत्तर द्यायला लावलंच नाही.

हिवाळ्यात घरं आतून थंड असतात, भिंती कागदासारख्या. लोक कोतात्सुखाली पाय घालून बसतात. खाली हीटर, वर रजई, त्यावर फळी. डिसेंबरअखेर मालकीणबाईंनी त्यांच्या कोतात्सुत बोलावलं, वर्ष बदलतानाचे सोबा नूडल्स खायला. टीव्हीवर किल्ल्याची रोषणाई आली तेव्हा त्या म्हणाल्या, किल्ला जळला त्या रात्री आई मला पाठीला बांधून शेतात घेऊन गेली होती, आकाश खालून लाल होतं. मग मला म्हणाल्या, सोबा आणखी घे. एवढंच. मला आणखी दहा गोष्टी विचारायच्या होत्या. मी सोबा घेतले.

आणि याच मंडळींचं दुसरं रूप फेब्रुवारीत साइदाइजीच्या देवळात. १५१० पासूनचा उत्सव. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी, कडाक्याच्या थंडीत, हजारो पुरुष नुसता पांढरा लंगोट लावून देवळाच्या सभामंडपात कोंबले जातात. ट्रेनमध्ये फोन वाजला तर ओशाळणारी हीच माणसं 'वाश्शोइ, वाश्शोइ' करत एकमेकांच्या खांद्यांवर चढत होती. रात्री दहाला दिवे जातात आणि वरच्या खिडकीतून दोन वीतभर लांबीची दांडकी खाली टाकतात. ज्याच्या हाती लागेल त्याचं वर्ष भाग्याचं. वरून पाणी ओततात, त्या उघड्या अंगांवर पडल्या पडल्या त्याची वाफ होते आणि मंडपावर ढग धरतो. मी प्रेक्षकांत होते. माझ्याशेजारी उभे असलेले टायवाले काका, एरवी ज्यांनी मान हलवली असती तेवढीच, माझा दंड धरून ओरडत होते, "पाहिलं? पाहिलं का?" पुण्यात विसर्जनाच्या रात्री असाच अनोळखी माणूस दंड धरतो. मला वाटलं, यांनीही वर्षभराचे साचलेले प्रश्न आजच्यासाठी राखून ठेवलेत.

मार्चमध्ये खोली रिकामी करताना शेवटची परीक्षा कचऱ्याचीच. मोठ्या वस्तूसाठी आधी नोंदणी, मग दुकानातून चिकटवायची चिठ्ठी विकत, मग ठरल्या दिवशी ती लावून वस्तू बाहेर. रजई, पंखा, पुस्तकांची फळी, प्रत्येकाला वेगळी किंमत. सायकल एका व्हिएतनामी मुलीला दिली, नुकतीच येऊन वर्गात दाखल झालेली. नोंदणी तिच्या नावावर करायला गेलो आणि परत येताना तिने मला काहीही विचारलं नाही. शिकून आली असावी. मग मीच सुरू केलं. कुठली, घरी कोण, भात खातेस ना रोज. छत्री हातात धरून सायकल चालवू नकोस, दंड होतो. बाटलीचं वेष्टन काढायला विसरू नकोस. पलीकडच्या गल्लीत पाटाला कठडा नाही, जूनमध्ये डावीकडून जा. चौकात रस्त्यावर चांदणी काढली असली तरी गाडी वळणार आहे असंच धरून चाल. पॅड आलं तर शिक्का नसला तरी सही चालते. तिने सायकल थांबवली, पिशवीतून वही काढली आणि म्हणाली, "पॅड म्हणजे?"